धानावर बूट

मैत्रेयी आणि सुगत,

मागच्या हिवाळ्यात मैत्रेयी तुमच्या इमारतीच्या दारात बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर वाळायच्या आत तिच्याकडे जागेचे फोटो, शेजाऱ्याचा लेखी जबाब आणि इमारतीच्या व्यवस्थापकाला धाडलेलं पत्र तयार होतं. फोनवर मला म्हणाली, "आजी, तूसुद्धा कोर्टात हेच करायचीस ना? घसरून पडलेल्या लोकांची कामं?" मी हो म्हटलं आणि मग दिवसभर मनाशी हसत राहिले. माझ्या अशिलांमध्ये पडल्यावर फोटो काढणारं एकही माणूस नव्हतं. आमची माणसं पडली की आधी इकडेतिकडे बघायची, कोणी पाहिलं तर नाही ना. मग कपडे झटकायची आणि ज्याच्या दारात पडली त्याचीच माफी मागायची.

इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वकिलीतले अनुभव मागितले, तेव्हा ठरवलं की ते तुम्हा दोघांना सांगितल्यासारखे लिहावेत. तुमची आई वाचून दाखवेल. जिथे अडेल तिथे तिला थांबवा.

मी चंद्रपूरच्या कोर्टात तीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. तुमचे आजोबा वीज केंद्रात होते, आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी रोज सकाळी फायलींचे गठ्ठे लाल, हिरव्या नाड्यांनी बांधून बसने कोर्टात जायची. सुरुवातीला शेतीचे बांध, वाटण्या, पोटगी असं सगळंच यायचं. पण दोनचार पडलेल्यांची प्रकरणं जिंकले आणि तशीच माणसं माझ्याकडे येऊ लागली. बाररूममधली मंडळी माझ्या टेबलाला 'पडझड खातं' म्हणायची. मला त्याचा राग कधी आला नाही. ते खातं माझ्याइतकं नीट सांभाळणारा दुसरा कारकून त्यांना मिळाला नसता.

कायद्याला पडणाऱ्याच्या नशिबात रस नसतो. तो दोनच गोष्टी विचारतो. जागा कोणाच्या ताब्यात होती आणि पडणारा तिथे कशासाठी गेला होता. तुम्ही पैसे मोजून लॉजमध्ये उतरलात किंवा दुकानात खरेदीला गेलात आणि त्यांच्या निष्काळजीपणाने पडलात, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. नुसते पाहुणे, वाटसरू असाल तर दिवाणी दावा, आणि त्यात समोरच्याची चूक तुम्हालाच शाबीत करावी लागते, तीही केस पिकेपर्यंत. पण कामावर असताना पडलात तर गोष्ट वेगळी. जिथे कामगार विमा लागू असेल तिथे आधी त्या कार्यालयात जायचं. जिथे तो नाही तिथे कर्मचारी भरपाईचा कायदा. त्यात मालकाची चूक दाखवावीच लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. गरिबाला झुकतं माप देणारे कायदे फार थोडे आहेत, त्यातला हा एक, आणि माझा सगळ्यात लाडका.

ग्राहक आयोगातलं एक प्रकरण सांगते, म्हणजे माझं खातं नुसतं रडकं होतं असं वाटणार नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक लग्नाला गेले आणि मंगल कार्यालयात सांडलेल्या पनीरच्या रश्श्यावरून घसरले. कार्यालय भाड्याने घेतलं होतं नवरीच्या बापाने, पडले गुरुजी. तरी ज्याच्या संमतीने सेवेचा लाभ मिळतो तोही ग्राहकच, हे मी आयोगाला पटवून दिलं. गुरुजींना भरपाई नकोच होती, लेखी माफी हवी होती. कार्यालयवाल्याने लिहून दिली. गुरुजींनी ती लाल शाईने तपासून परत पाठवली, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका फार होत्या. दुसऱ्या खेपेलाही परत. तिसरं पत्र मात्र त्यांनी फ्रेम करून घेतलं. आणखी एक जण सासुरवाडीच्या ओसरीवर घसरला म्हणून मेहुण्यावर दावा ठोकायला आला होता. त्याला चहा पाजून बायकोकडे परत पाठवलं. वकिलाने कोणतं काम घेऊ नये हेही शिकावं लागतं.

आता यमुनाची गोष्ट. तीस वर्षांतली एकच फाईल तुमच्यासाठी काढायची म्हटली तर मी हीच काढीन.

यमुना ब्रह्मपुरीकडची, चाळिशीची बाई. उसना तांदूळ काढणाऱ्या एका मिलमध्ये कामाला होती. तुमच्या आईला आठवत असेल, उसना म्हणजे धान आधी हौदात भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला तांदूळ. हौदातलं भिजलेलं धान घमेल्यात भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि वाफेच्या टाकीपर्यंत नेऊन ओतायचं, हे यमुनाचं काम. एका सकाळी भरलेल्या घमेल्यासकट ती घसरली आणि खुब्याशी मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय आखूड झाला. तिला उकिडवं बसता येईना, वाकता येईना. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यातल्या, बाईला वाकता येत नसेल तर रोवणी गेली, निंदण गेलं, कापणी गेली. वर्षाचं सगळं कामच गेलं.

माझ्याकडे ती दीड वर्षाने आली, काठी टेकत. सोबत तिची धाकटी जाऊ सुशीला. सुशीला त्याच मिलमध्ये, त्याच हौदावर काम करायची. यमुना पडली तेव्हा ती चार पावलांवर होती. पण साक्ष द्यायचं म्हटलं तर तिचं काम जाणार. आता घरात कमावणारे तेवढेच दोन हात उरले होते. मी तिला साक्षीला बोलावणार नाही, असं मला पहिल्याच दिवशी कबूल करावं लागलं.

मी दवाखान्याचे कागद मागितले. यमुनाने पिशवीतून घडी काढून दिली. वर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, घरी पाय घसरून पडली.

इथे आमच्या भागातली एक खोड तुम्हाला सांगायला हवी. कामावर माणूस पडलं की सोबतचे त्याला दवाखान्यात नेतात आणि दारातच बजावतात, घरी पडली सांग, नाहीतर पोलीस केस होईल. पोलीस केस म्हणजे आपल्यालाच धरून नेतील, अशी काहीतरी भीती. मालकाला सोयीचं, मुकादमाला सोयीचं, डॉक्टरलाही लिखापढी कमी. आणि पडलेलं माणूस दुखण्याने अर्धमेलं, तेही सांगून टाकतं. माझी अर्धीअधिक प्रकरणं या एका वाक्यापाशी येऊन अडायची.

मी यमुनाला विचारलं, हे तू का सांगितलंस. ती खाली बघत म्हणाली, "गुलाब मिस्त्री म्हणाला जी, तसं सांग म्हून. मले वाटलं, सांगलं तं काय होते."

गुलाब मिस्त्री म्हणजे मिलमधल्या मजुरांवरचा मुकादम. त्यानेच तिला मिलच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. मी दवाखान्यातून तिच्या केसपेपरची सगळी पानं मागवली. रुग्णासोबत कोण आलं, या रकान्यात त्याचं नाव आणि सही होती. शिवाय मिलच्या हजेरीपटात त्या सकाळी यमुनाची हजेरी मांडलेली. घरी पडलेल्या बाईला मिलचा मुकादम मिलच्या गाडीतून कशाला आणेल? एका खोट्या वाक्याला खोडायला एवढं पुरेल असं मला वाटलं, आणि पुढे ते पुरलंही. मला खरा घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने.

माझा एक नियम होता. पडलेली जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्ज लिहायचा नाही. मूल, सिंदेवाही ही गावं करत बसने मी ब्रह्मपुरीला गेले आणि मिलच्या दाराशी उभी राहिले. कोणी अडवलं नाही. गुलाब मिस्त्री स्वतःच पुढे आला, नमस्कार केला आणि म्हणाला, बाई, चपला इथी काढा, आत धान आहे. दारात चपलांची रांग होती. मी माझ्याही काढून तिला जोडल्या आणि अनवाणी आत गेले. हौदापासून टाकीपर्यंतची फरशी वर्षानुवर्षांच्या पाण्याने गुळगुळीत झाली होती, वर भिजलेल्या धानाचा बुळबुळीत थर. मी भिंत धरून चालले. पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचे मारून, ती फरशी खरखरीत करायला दोन दिवस पुरले असते. भिंतीवर एका खिळ्याला गमबुटांचे चार जोड टांगलेले होते आणि वर पाटी, 'ओल्या जागी बूट घालणे सक्तीचे'. मी वहीत टिपलं: बूट आहेत, पाटी आहे.

ब्रह्मपुरीकडे कामगार विमा लागू नव्हता, म्हणून मी कर्मचारी भरपाईचा अर्ज दाखल केला. मालकाचा जबाब आला तेव्हा त्यात तेच बूट समोर ठेवलेले होते. मालकाला सगळे दामोदरशेठ म्हणायचे. त्यांच्या वकिलांनी लिहिलं होतं, अपघात मिलमध्ये झालाच नाही. आणि झाला असं धरलं तरी सुरक्षेसाठी बूट दिले होते, लेखी हुकूम होता, अर्जदार बाईने तो जाणूनबुजून मोडला. हा बचाव कच्चा नव्हता. माझ्या लाडक्या कायद्यातच तशी फट आहे. सुरक्षेचा स्पष्ट हुकूम कामगाराने मुद्दाम मोडला आणि त्यामुळे इजा झाली, तर मालक सुटू शकतो. आणि माझ्याच वहीत माझ्याच हाताने बूट आणि पाटी दोन्हींची नोंद होती.

मी यमुनाला बोलावलं आणि चांगलं झापलं. आज लिहायला लाज वाटते, पण झापलं. म्हटलं, समोर बूट टांगलेले होते, पाटी होती, तुम्ही लोक स्वतःच्या जिवाची काळजी घेत नाही आणि मग वकिलाने काय करायचं. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अजाण पोरीकडे बघावं.

"बाई, धानावर बूट घालून?"

माझे आजोबा शेतकरी, पण माझं सगळं शिक्षण नागपूरच्या इंग्रजी शाळेत आणि कॉलेजात. खळ्यात पाय ठेवताना माणसं चपला बाहेर काढतात, हे मी लहानपणी पाहिलं होतं आणि विसरून गेले होते. धान म्हणजे लक्ष्मी, त्यावर पायताणाचा पाय पडत नाही. मिल झाली, मशीन आलं, वाफेची टाकी आली, पण हौदाजवळ धान सांडलेलंच असायचं आणि त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस अनवाणी जायचं. त्या मुकादमाच्या सांगण्यावरून मी स्वतः चपला काढल्या होत्या, अनवाणी त्याच फरशीवर चालले होते, आणि बाहेर येऊन वहीत 'बूट आहेत' एवढंच लिहिलं होतं. वकिलाने डोळे उघडे ठेवावेत म्हणतात. माझे उघडे होते, पण पायाला जे कळलं ते लिहायचं राहिलं.

त्याच आठवड्यात शेठकडून निरोप आला. तडजोड करा. न्यायाधीशांसमोर रीतसर नोंदवू, भरपाईतला बराचसा भाग लगेच जमा करू, फक्त मजकुरात एक वाक्य राहील की अपघात मिलमध्ये झाला नाही, मालक माणुसकीने मदत करत आहे. मी विचार केला. केस हरलो तर हिच्या हातात काही नाही. सुशीलाची साक्ष नाही. समोरचा वकील मुरलेला. मी यमुनाला म्हटलं, घे. हे मी खरं म्हणाले होते, मुलांनो. तुमची आजी नेहमी लढणारी नव्हती.

यमुना काठीशी चाळा करत होती. सुशीलाने तिला हळूच कोपर मारलं, तिलाही हो म्हणून संपवावं असंच वाटत होतं.

"एक डाव खोटं सांगलं तं दोन वरीस मीच खोटी होऊन बसली," यमुना म्हणाली. "आता पुन्हा कागदावर तेच लिवून देऊ? नाई जी. तुमी भांडा. हरलो तं हरलो."

मी म्हटलं, हरलीस तर खायचं काय? ती म्हणाली, आता काय खाऊन राह्यलो? आणि त्या दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

दामोदरशेठच्या उलटतपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी पांढरी साडी स्वतः इस्त्री केली आणि प्रश्न एका कागदावर लिहून काढले. बारा प्रश्न. त्यातले विचारले चारच. शेठ साठीचे, कपाळाला गंध, स्वच्छ धोतर. कोर्टाच्या पायरीला हात लावून नमस्कार करून आत आले होते. ते मी पाहिलं, आणि उरलेले आठ प्रश्न मनातल्या मनात खोडले. न्यायाधीश पश्चिम महाराष्ट्रातले होते, वयाने तरुण, धानाशी संबंध ताटातल्या भातापुरता.

मी विचारलं, मिलच्या दारात चपलांची रांग असते, ती कोणाची?

कामकऱ्यांची, शेठ म्हणाले.

तुमच्याही चपला त्या रांगेत असतात का? त्यांचे वकील लगेच उठले आणि म्हणाले, प्रश्नाचा प्रकरणाशी संबंध नाही. न्यायाधीशांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, उत्तर येऊ द्या.

शेठ म्हणाले, असतात.

का काढता?

त्यांनी वकिलाकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे तसंच पाहत होते जसं यमुनाने पाहिलं होतं. "धानावर जोडे घालून कोण चालते, बाई? लक्ष्मी आहे ते."

न्यायाधीश टंकलेखकाला एकेक शब्द सांगत होते आणि मशीनची टकटक थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग चौथा प्रश्न विचारला. ते भिंतीवरचे बूट घालून आजवर हौदापासून टाकीपर्यंत कोण गेलं?

शेठचे वकील पुन्हा उठत होते. शेठनी हात करून त्यांना बसवलं.

"कोणीच नाई गेलं," ते म्हणाले. "माझा बाप नाई गेला, मी नाई गेलो. ते तपासणीवाले येतात त्यांच्यासाठी आणले."

मी म्हटलं, आणखी प्रश्न नाहीत. प्रश्नांचा कागद घडी करून फायलीत ठेवला आणि खाली बसले.

निकाल यमुनाच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की जो हुकूम देणारा स्वतः पाळत नाही आणि कोणाला पाळूही देत नाही, तो मोडला म्हणून कामगाराला दोष देता येत नाही. दवाखान्यातलं वाक्यही त्यांनी बाजूला सारलं, मुकादमाच्या सहीवर बोट ठेवून. तो निकाल मी पुढे कितीतरी प्रकरणांत जोडला. भरपाई जमा झाली, यमुनाने घराला लागून किराणा मालाची टपरी टाकली, तिथे तिला उभं राहून काम करता येतं. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण मला विचारलंत की तुझ्या कामातला सगळ्यात मोठा दिवस कोणता, तर तो निकालाचा नव्हे. तो उलटतपासणीचा दिवस, आणि तोही कोर्टाच्या बाहेरचा.

काम संपवून आम्ही व्हरांड्यात आलो. यमुना बाकावर बसली. सुशीला त्या दिवशी आली नव्हती, सुट्टी घेतली असती तर मिस्त्रीला कळलं असतं. शेठचे वकील रागारागाने पुढे निघून गेले होते. दामोदरशेठ एकटेच मागे राहिले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि मग बाकाजवळ आले. ती पडल्यापासून ते यमुनाशी एक शब्दही बोलले नव्हते.

"पाय कसा आहे, यमुना?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता ही बोलेल. एवढ्या वर्षांचं सगळं बोलेल. मी फायलीची नाडी बांधता बांधता थांबले.

"पायाचं जाऊ द्या, शेठ. तो गेला तं गेला," यमुना म्हणाली. "हौदापासच्या फरशीले टाकी लावा अगोदर. सुशीला आजबी तिथूनच घमेलं वाहून राह्यली."

शेठनी खिशातून फोन काढला, तिथेच उभं राहून गुलाब मिस्त्रीला लावला आणि आमच्या देखत सांगितलं की हौदावरचं काम आत्ताच्या आत्ता बंद कर, पाथरवट येऊन जाईपर्यंत त्या फरशीवर कोणाचाही पाय पडायचा नाही.